आधी तोंड उघड

आनंद नगरच्या त्या घरात आम्ही चौदा माणसं राहत होतो. दारू सुटलेली, पण परत जायला घर न उरलेली. पायावर उभं राहीपर्यंत तिथे टिकायचं. सगळ्यात कडक नियम दारातला होता: बाहेरून आलेल्यानं तोंड उघडायचं, दारावरच्या माणसानं वास घ्यायचा, मगच आत.

पहिल्याच संध्याकाळी मी भांडलो. भंगारातले कूलर घेऊन, दुरुस्त करून, विकून मोठा झालेला माणूस मी. मी काय म्हैस आहे, दात बघून घ्यायला? घर चालवणारे भाईसाहब, स्वतः कधीकाळी बसस्टँडवर झोपलेले, शांतपणे म्हणाले की जमत नसेल तर दार उघडंच आहे. पण जाणार कुठे? अरेरा कॉलनीत राहणाऱ्या दादानं, माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं, माझे कपडे फाटकावरून बाहेर दिले होते. ते मी विसरलेलो नाही. त्यात एक शर्ट त्याचाच होता, कॉलर विटलेला. तेही विसरलेलो नाही.

मग मी सौदा केला. वास घेणाऱ्यानंही वास द्यायचा. भाईसाहब हसले आणि त्यांनी माझ्यासमोर आ केला. वेलचीचा वास. तेव्हापासून ती पद्धत पडली. आज माझं शाहपुऱ्यात कूलरचं दुकान आहे, पण त्या घरात नवा आलेला माणूस अजून माझाच नियम पाळतो.

तिथल्या माझ्या सातव्या महिन्यात, दारावर माझी पाळी असताना दादा आला. पुतणीचं लग्न ठरल्याचं माझ्या कानावर आलं होतं. तिला सायकल मी शिकवली होती. बोलावणं येतं की नाही, एवढं एकच तेव्हा माझ्या डोक्यात होतं. पत्रिका त्याच्या हातात दिसत होती. पण आधी आत येऊन माझी खाट, माझं कपाट बघायचं आणि मग ठरवायचं, असा त्याचा बेत दिसला.

"दादा, तोंड उघड," मी म्हटलं.

तो म्हणाला की त्यानं जन्मात थेंब घेतलेला नाही. खरंच होतं. तीन पावलांवरून मला नुसता बडीशेपेचा वास येत होता. सोडून देता आलं असतं. मागे आमची माणसं पत्ते हातात धरून बघत होती.

"लग्नाला यायचंय ना तुला?" त्यानं हळूच विचारलं.

ही सौद्याची भाषा मला चांगली कळते. आयुष्यभर तिच्यावरच जगलोय. त्या दिवशी मात्र घासाघीस केली नाही.

"यायचंय. तोंड उघड."

तो तडक फाटकापर्यंत गेला. तिथे थांबला. मग परत आला, डोळे मिटले आणि दाताच्या डॉक्टरपुढे करावा तसा आ केला. मी वास घेतला. मग माझं तोंड त्याच्यापुढे उघडलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बावरून माझ्या मागे उभ्या भाईसाहबांकडे बघायला लागला. त्यांनी नुसती मान डोलावली. दादा वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

"काहीच येत नाही रे," तो म्हणाला.

"कांदा येत असेल. दुपारी पिठलं होतं."

त्यानं पत्रिका पुढे केली. पाकिटावर नाव नव्हतं. म्हणजे घरून निघताना काही ठरलेलं नव्हतं. माझं डोकं फिरलं, पण दारावरच्या वहीचं पेन काढून मी त्याच्या हातात दिलं. त्यानं पाकीट भिंतीला टेकवून माझं नाव लिहिलं. मी वाचलं आणि परत केलं.

"आधी श्री लिही."

त्यानं लिहिलं. जागा उरली नव्हती, म्हणून ते श्री नावाच्या डोक्यावर बसलंय. लग्नात मी दोन दिवस आधीपासून होतो, मांडवातले सगळे कूलर माझे. पत्रिका कुठे गेली कोण जाणे. पाकीट मात्र दुकानात काचेखाली आहे.