डावा हात खिशात

आमच्या लग्नाच्या एकूण एक फोटोत माझे सासरे डावा हात पँटच्या खिशात घालून उभे आहेत. मी तेव्हा मनात म्हटलं, माणूस भलताच शिष्ट दिसतोय. माझ्या आईने तर फोटो बघून विचारलंही, "त्यांना आपण पसंत नाही का गं?"

चार महिन्यांनी उलगडा झाला. बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत होते. वीज चालू असलेल्या यंत्रात हात घालायची वेळ आली तर एकच हात घालायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दोन्ही हात आत असले आणि झटका बसला तर तो एका हाताने शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. नोकरी सुटली, पण हात काही खिशातून सुटला नाही. बँकेत, दवाखान्यात, लग्नात, सगळीकडे डावा हात खिशात.

लिफ्ट हा त्यांचा पोटाचा धंदा. जीव मात्र ॲम्प्लिफायरमध्ये. मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल आहे. अंड्यांच्या ट्रेमध्ये रेझिस्टर, लोणच्याच्या बरण्यांत स्क्रू, आणि सोल्डरचा वास असा मुरलेला की पडदे धुतले तरी जात नाही. घरातली दाराची घंटा त्यांनी केलेली, फ्रिजचं दार उघडं राहिलं की ओरडणारा डबाही त्यांचाच. मी नवी सून म्हणून आले तेव्हा त्या डब्याने पहिले पंधरा दिवस मला नको नको करून सोडलं होतं.

खरा त्यांचा दरबार भरायचा शनिवारी दुपारी, तीन ते पाच. फार पूर्वी इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात छापलेल्या सर्किटमधली चूक त्यांनी पत्राने कळवली होती. संपादकाने ते पत्र छापलं, आणि खाली आमचा फोन नंबरही छापून टाकला. तेव्हापासून घरी ॲम्प्लिफायर बनवणारे हौशी लोक कुठून कुठून फोन करतात. शिंपी, नर्स, निवृत्त न्यायाधीश, कोणीही. फोन आला की बाबा तीनच शब्द बोलायचे.

"बोलू नका. ऐकवा."

पलीकडचा माणूस रिसीव्हर आपल्या स्पीकरजवळ धरायचा. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि निदान सांगायचे. जाड घरघर असेल तर अर्थिंगची तार दोन ठिकाणी जोडली आहेस, एक काढ. त्याच्यापेक्षा जरा वरच्या सुरातली भुणभुण असेल तर पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर सुकलाय. शेवटी एक ठरलेलं वाक्य: "एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास तर बरं कशाने झालं ते कधीच कळणार नाही." हे वाक्य मी माझ्या शाळेतल्या गणिताच्या तासाला सर्रास वापरते आणि श्रेय देत नाही.

या सगळ्यात माझ्या सासूबाई शेजारच्या खोलीत शब्दकोडी सोडवत बसायच्या. "परक्या माणसाची घरघर ऐकतात," त्या म्हणायच्या, "माझी चार वाक्यं ऐकायला यांना जड जातं." बाबा हसायचे. दोघांचं छान चाललं होतं.

मग बेकरीवाला आला. आमच्या गल्लीच्या टोकाला त्याची बेकरी आहे. चाळिशीचा माणूस, पहाटे तीनला उठणारा, त्यामुळे दुपारभर मोकळा. सहा महिने खपून त्याने आपला पहिला ॲम्प्लिफायर बनवला होता. मुलीच्या नाचाच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता आणि तिथे तो लावायचं त्याने बाईंना कबूल केलं होतं. डबा त्याने केकच्या खोक्यात घालून आणला.

बाबांनी तो आपल्या टेबलावरच्या स्पीकरला जोडला. गाणं लावलं, बंद केलं, स्पीकरला कान लावून मिनिटभर थांबले.

"एकदम शांत आहे," ते म्हणाले. "पास. बिनधास्त लाव."

बेकरीवाला तरंगतच घरी गेला. आठवड्याने पडलेल्या चेहऱ्याने परत आला. त्याच्या स्पीकरमधला ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा भाग, जळाला होता. बाबा म्हणाले, ट्वीटरच खराब निघाला असेल, दुसरा आण. त्याने दुसरा आणला, आणि ॲम्प्लिफायर पुन्हा आमच्या टेबलावर आला. बाबांनी पुन्हा कान लावला.

"काही नाही. याच्यात काही दोष नाही."

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आत आल्या. "अहो, ती शिटी आधी बंद करा. डोकं उठलंय माझं. गेल्या वेळीही वाजत होती."

"कसली शिटी?"

"ही काय. बारीक, सारखी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातच उभी होते आणि मलाही ती स्पष्ट ऐकू येत होती. मी मान हलवली. मग त्यांनी बेकरीवाल्याकडे पाहिलं.

"तुला येते ऐकू?"

तो कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "पहिल्या दिवसापासून येते, काका. पण तुम्ही शांत आहे म्हणालात. मला वाटलं, माझ्याच कानात काहीतरी असेल."

बाबांनी ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या, आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. गाणं बंद असूनही पट्ट्या तापल्या होत्या. आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार बेकरीवाल्याने अगदी शेजारून नेली होती, त्यामुळे ॲम्प्लिफायर स्वतःचाच आवाज ऐकून तो पुन्हा मोठा करत बसला होता. बाबांनी तारा दूर नेल्या, छोट्या केल्या. "थांबली," सासूबाई म्हणाल्या. काम फत्ते झालं होतं. पण ते झाल्याचं बाबांना बायकोकडून कळलं होतं, आणि ते त्यांना फार लागलं. "बोटाने कळलं असतं," ते एवढंच म्हणाले. "बोट लावायची मला गरजच वाटली नाही."

मी त्यांना कान तपासायला घेऊन गेले. तिथल्या मुलीने कागदावर आलेख काढून दिला. अर्ध्यापर्यंत रेघ सरळ, पुढे कडा कोसळावा तशी खाली. लिफ्टच्या मशीनरूममध्ये घालवलेली वर्षं, ती म्हणाली. बाबांनी आलेख निरखला. "वरचे आवाज कापणारा फिल्टर," ते मला म्हणाले. "इतका चांगला बसवायला लोक महिना घालवतात." मी हसले, तेही हसले. पण घरी आल्यावर त्यांनी फोनची तार भिंतीतून उपटून ठेवली.

दोन शनिवार फोन वाजला नाही. बाबा दुपारी तीनला स्वयंपाकघरात यायचे आणि भांडी कशी रचावीत यावर सासूबाईंना सल्ला द्यायचे. दुसऱ्या शनिवारी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "यांचं काहीतरी कर," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी माहेरी जाते, या वयात." नवऱ्याने मध्ये पडून बघितलं. आवाजाच्या लाटा पडद्यावर दाखवणारं यंत्र आणून देतो म्हणाला. बाबांनी त्याला उडवून लावलं. लोक बाबांच्या कानावर विसंबतात आणि कानच खोटं बोलतो, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. आणखी कोणाचं नुकसान करण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

तिसऱ्या शनिवारी नाचाचा कार्यक्रम होता. सकाळी बेकरीवाला दारात हजर.

"काका, लावू ना?"

"मला विचारू नकोस."

"मग कोणाला विचारू? तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. बाईंना सांगून टाकतो, भाड्याचा लाऊडस्पीकर आणा म्हणून."

त्याने सहा महिने खपून केलेली वस्तू, आणि तिच्या आवाजावर नाचणार त्याचीच मुलगी. बेकरीवाला चपला न काढता उभाच. शेवटी सासूबाईंनीच पेन खाली ठेवलं.

"आम्ही दोघं येतो," त्या म्हणाल्या. "हे बोटाने बघतील, मी कानाने. आता जा, पाव करपतील."

आम्ही सगळेच गेलो. बाबांनी कार्यक्रम सुरू होण्याआधी मागे जाऊन चालू डब्याच्या पट्ट्यांना बोट लावलं. गार होत्या. मग ते पहिल्या रांगेत, स्पीकरच्या समोरच येऊन बसले. सासूबाई त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "हात द्या इकडे."

"कशाला?"

"शिटी आली तर दाबेन. एवढ्या आवाजात मी ओरडू की काय?"

बाबांनी खिशातून हात काढला. मी मागच्या रांगेतून सगळं बघत होते. गाणं सुरू झालं, मुली नाचायला लागल्या, पडद्याआड बेकरीवाला आपल्या डब्यावर नजर रोखून उभा. बाबांचं नाचाकडे लक्षच नव्हतं. ते मान खाली घालून आपल्या हाताकडे बघत होते. एक गाणं झालं, दुसरं झालं. चौथ्या गाण्याला त्यांनी हळूच मान वर केली आणि पाय ताल धरू लागला. मला इतकं बरं वाटलं की मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि उरलेला कार्यक्रम तसाच बघितला.

पुढच्या शनिवारी तीन वाजता फोनची तार भिंतीत होती. पहिला फोन कोणा शिंप्याचा आला. बाबा म्हणाले, "थांबा. आधी तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगा. मी नंतर काहीही म्हणालो तरी तेच खरं धरायचं." मग त्यांनी रिसीव्हर आता शेजारीच बसलेल्या सासूबाईंच्या कानाला लावला. त्या कोड्यातून वर न बघता म्हणाल्या, "घरघर. जाड."

नाचाच्या कार्यक्रमाचा एक फोटो बेकरीवाल्याने काढून आम्हाला दिला. तो लग्नाच्या फोटोंशेजारी लावलाय. बाबा आणि सासूबाई खुर्च्यांत बसलेत, टाळ्या वाजवायची वेळ झालीय आणि सगळा हॉल वाजवतोय. या दोघांनी मात्र हात सोडलेले नाहीत. मी नंतर सासूबाईंना विचारलं, तासाभरात एकदा तरी दाबायची वेळ आली का?

"नाही गं," त्या म्हणाल्या. "शिटी नाही, हे मला पहिल्या गाण्यालाच कळलं होतं."

"मग हात का नाही सोडलात?"

"त्यांनी परत मागितला नाही," त्या म्हणाल्या, आणि कोड्याकडे वळल्या.