आत्याचा चष्मा

आरतीचा आवाज चढला की माझा हात अजूनही आपसूक पुढे होतो, पमाआत्याचा चष्मा घ्यायला. आत्या आता नाही. काळाचौकीच्या आमच्या चाळीत तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला की सगळ्यांना कळायचं, देवी आली! तिची छाती धडधडायची, पोलकं घामाने भिजायचं, डोळे फिरायचे. बायका ओटी भरायच्या, पायावर डोकं ठेवायच्या. एरवी मात्र कुणी वाकलं की डाफरायची, "पाया कित्याक पडतंस? बांगडे तळले हत, ते खा!"

माझे बाबा म्हणजे तिचे धाकटे भाऊ. भजनात बसल्याबसल्या ते गेले, तेव्हा देवाने नेलं असंच सगळे म्हणाले. आम्हीही तेच धरून बसलो.

मग एका गौरीला माझी शाळकरी लेक मुग्धा आरतीत छाती धरून कोसळली. शेजारणी हळदकुंकू घेऊन धावल्या, "अगं बाई, हिच्याही अंगात आलं!" आत्याने पोरीच्या छातीवर हात ठेवला आणि कडाडली, "कुंकू बाजूक करा! ह्या देवीचा नाय. माझ्या भावाचा काळीज असाच धावायचा. चेडवाक डाक्टराकडे न्हेवा!"

"आणि तुमच्या अंगात येतं ते?" एकीने विचारलंच.

आत्याने तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. मग म्हणाली, "माझापण तपासूया."

तपासणीत दोघींचं दुखणं एकच निघालं. हृदयात जन्मापासूनच एक जादा वाट, घराण्यातून आलेली. ठोके त्या वाटेला लागले की सुसाट सुटतात, कधी जिवावरही बेततं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी आत नेऊन ती वाट जाळायची, असं डॉक्टर म्हणाले. मुग्धा रडून रडून बेजार. "आधी माझा करा," आत्या म्हणाली, "चेडू बघांदे."

टेबलावर ती जागी होती. वाट शोधायला डॉक्टरांनी मुद्दाम धडधड सुरू केली. "तीच गो, माझ्या अंगात येणारी बाय," आत्याने बाहेर आल्यावर सांगितलं. "मनात म्हटलंय, इतकी वर्षां माझ्याकडे ऱ्हवलंस. आता जा, आणि चेडवाकपण सोड." एवढं बोलून ती ढसाढसा रडली. मलाही आवरेना. दुसऱ्या दिवशी मुग्धाचंही झालं, नीट झालं.

पुढच्या गौरीला आरती रंगात आली. बायका ओट्या घेऊन उभ्याच. आत्याने चष्मा काढला, मी सवयीने हात पुढे केला. तिने तो पदराने पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला. शेजारी मुग्धा जोरजोरात टाळ्या वाजवत होती.

"सुमे," आत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "इतक्या वर्षांत आरतीत गौरीचा तोंड माका कधी दिसलाच नाय. काय गोड आसा गो!"