खिडकीची जागा

फुलंब्रीहून शहरात नोकरीला जाताना सकाळच्या एसटीत तो रोज दिसायचा. साठीचा, धोतरातला, एकटाच. खिडकीच्या जागेवर रुमाल टाकून स्वतः शेजारी बसायचा. शहर येईपर्यंत तिथं कुणीच यायचं नाही. एकदा मी चिडूनच विचारलं, "कुणासाठी धरता जागा?"

"कारभारणीसाठी. पोळ्याला वारली." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "डॉक्टर म्हणला, जीव मेंदूत असतो, तो गेला की संपलं. कीर्तनकार म्हणले, आत्मा सगळीकडं हाय. सगळीकडं हाय, तर हितंबी असंलच की. दोघं संगंच कामाला जायचो. तिला गाडी लागायची, म्हून खिडकी तिची."

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली. एक म्हातारी दांडा धरून उभी होती. कंडक्टर ओरडला, "बाबा, रुमाल उचला!"

तो उठला आणि म्हातारीला त्यानं स्वतःची जागा दिली. रुमाल तसाच राहिला. मी मात्र बसूनच होतो, ते अजून खुपतं.

चौक्याच्या घाटाची वळणं सुरू झाली, तसा तो उभ्या उभ्या वाकला आणि रुमालाजवळची काच त्यानं हळूच सरकवली.