पहिल्या माणसाची आई

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्या घरी मटण-कोंबडी बंद, मासे मात्र चालतात. ज्याने हा नियम केला त्याने माझ्या आईच्या हातचं कालवण खाल्लेलं नसावं, नाहीतर याला त्याने त्याग म्हटलंच नसतं. त्या शुक्रवारी मुरबे गावच्या मासेवालीने खाडीतल्या निवट्या आणल्या होत्या, अजून वळवळत होत्या. बोयसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोरीशी बसून आई त्या मीठ चोळून साफ करत होती आणि मी ओट्यावर कांदा चिरत होते.

मी इथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मास्तरकी अंगात मुरली की माणूस घरीही गप्प बसत नाही. मी म्हटलं, "आई, ही निवटी बघ. पुढचे पर टेकत चिखलात चालते, पाण्याबाहेरही जगते. फार पूर्वी अशाच कुठल्याशा माशांनी जमिनीवर पाय ठेवला आणि पुढे त्यांच्यातूनच सगळे झाले. बेडूक, गुरं, माकडं, आपण."

आईने हातातली निवटी ताटलीत ठेवली. "जमिनीवर चालते म्हंजे ही शुक्रवारी खायची का नाय?"

मी पोट धरून हसले. ती हसली नाही.

"आपण बी हिच्यातनं आलो?"

"हिच्यातून नाही, पण नात्यातलीच म्हण."

"अन् हे तू पोरांना शिकवते?"

मी झाडापानांचं शिकवते असा तिचा इतकी वर्षं समज होता. "हो," मी म्हटलं.

"मग आत्मा कदी घातला देवाने?"

"आत्मा माझ्या विषयात येत नाही, आई."

वाक्य शंभर टक्के खरं होतं आणि तेच तिला लागलं. करायला गेले एक नि झालं भलतंच. कालवण फक्कड झालं होतं, पण ती भात नुसता चिवडत बसली. शेवटी ताटावरून न उठताच बोलली, "तुझा बा गेला. मी बी आज ना उद्या जाणार. तू आत्माच नाय मानत तं तिकडे येशील कशी? आमी दोघांनी दाराकडे बघत बसायचं अन् तू नायच?"

गेल्या पावसाळ्यापासून तिच्या छातीत दुखायला लागलं होतं आणि डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली होती. त्यामुळे तिच्या भीतीला मी म्हाताऱ्या माणसाची बडबड म्हणू शकत नव्हते. मी दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाते, गाणी म्हणते, गुडघे टेकते. आत्मा आहे का, असं मन विचारतं तेव्हा कधी हो म्हणते आणि कधी विषय बदलते. तेवढं हो तिला पुरणारं नव्हतं. आणि खोटं बोलावं तर ती माझा चेहरा माझ्या जन्मापासून वाचत आलेली.

ईस्टर झाल्यावर फादर आशीर्वाद द्यायला घरोघरी फिरतात, तसे आमच्याकडे आले. तरुण माणूस, धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाण्याआधी रसायनशास्त्र शिकलेला. एरवी तारापूरच्या एखाद्या कारखान्यात शिफ्टला लागला असता. त्यांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं, आईच्या आग्रहाखातर फ्रिजवरही शिंपडलं आणि चहाला बसले. आई वाटच बघत होती.

"फादर, माझी पोर सांगते, माणूस माकडातनं आला. हे पाप हाय का?"

"नाही हो, मावशी," फादर हसले. "चर्चचं याच्याशी भांडण नाही. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले सृष्टी घडवण्याचे सहा दिवस म्हणजे काही आपल्या कॅलेंडरवरचे दिवस नव्हेत. देवाने घडवलं, हे ते पुस्तक सांगतं. कसं घडवलं, ते तुमची मुलगी शोधून सांगेल. शरीर हळूहळू जनावरांतून घडत आलं असेल. आत्मा मात्र देव स्वतः देतो, प्रत्येकाला."

मला इतकं हायसं वाटलं की मी फादरांच्या बशीत आणखी दोन बिस्किटं ठेवली. आता तरी हिचं समाधान होईल, असं वाटलं. आई कप हातात धरून विचार करत राहिली.

"म्हंजे पयला माणूस, ज्याला देवाने पयला आत्मा दिला, तो कुणाच्या तरी पोटी आला असंल ना?"

"हो, यायलाच हवा."

"अन् जिच्या पोटी आला तिला आत्मा नव्हता?"

फादरांनी कप खाली ठेवला. "आपल्यासारखा नसावा."

"मग त्याच्या आयचं काय?"

आईचा आवाज चढला. "तिने त्याला पोटात वागवलं. दूध पाजलं. थंडी लागू नये म्हणून छातीशी धरून निजली. तो मेला तं सर्गात गेला, अन् ती नुसती माती?"

मी इतकी वर्षं हा विषय शिकवते. जबड्यांची हाडं शिकवते, कवट्यांची मापं शिकवते. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी, या दरवर्षीच्या प्रश्नाला उत्तर देते. त्या बाईचा विचार मला कधी शिवला नव्हता. मला लाज नाही वाटली, आईचा अभिमान वाटला, आणि तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

फादरांनी तिला उडवून लावलं नाही, म्हणून ते मला आजही आवडतात. "मावशी, हे मला सेमिनरीत कुणी शिकवलं नाही. कुणाला तरी विचारून बघतो."

"विचारा," आईने दळणाचं सांगावं तसं सांगितलं. पुढे चर्चच्या दारात आई दिसली की फादर दुरूनच हात हलवून, अजून उत्तर नाही, असं खुणावायचे.

आई मात्र त्या बाईला विसरली नाही. मी लॅपटॉपवर धड्याची तयारी करत असले की मागे येऊन उभी राहायची. एकदा पडद्यावर एका फार जुन्या सांगाड्याचं चित्र होतं आणि खाली स्त्री असं लिहिलं होतं.

"हिला पोरं होती?"

"ते कळत नाही, आई."

"असतील," ती म्हणाली आणि पडद्यावर बोट फिरवलं, डोक्यावरून हात फिरवावा तसं. माझ्याबद्दल पुन्हा तिने काही विचारलं नाही. पण संध्याकाळची रोजरीची प्रार्थना संपली की ती माझ्याकडे बघायची, आणि ती काय विचार करते आहे ते मला कळायचं.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही दफनभूमीत जातो, कबरी धुतो, शेवंतीची फुलं घालतो आणि मेणबत्त्या लावतो. आईला फार वेळ उभं राहवत नव्हतं म्हणून मी घरची प्लॅस्टिकची खुर्ची नेली होती. बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून झाल्या, फादर आशीर्वाद देऊन पुढे गेले, तेव्हा तिने पिशवीतून आणखी एक मेणबत्ती काढली.

"ही तिकडे लाव. भिंतीकडच्या मातीत."

"तिथे कुणाला पुरलेलं नाही, आई."

"म्हणून तं. तिच्यासाठी हाय. मेलेल्यांसाठी मिस्सा घरचे देतात, तिच्यासाठी कोण देणार?"

कोण, ते मी विचारलं नाही. मेणबत्ती मातीत रोवली आणि वाऱ्याला हात आडवा धरून बसले. पण शिकवणारीची खोड जात नाही. "आई, तिला आत्माच नसेल तर?"

"नसंल तं देव देईल."

"असा कसा देईल?"

"पोर तिथं आय आय करून रडत असंल ना! देव किती दिस ऐकून घेईल?"

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. आईने खुर्चीतून वाकून माझं मनगट धरलं.

"मी बी तेच करणार हाय. पुढे जाऊन बसते अन् तुझ्या नावाने रडते. तू मान नायतर नको मानू, तुला आत घेतल्याबिगर मी गप बसायची नाय."