पोतं दिलं, दुवा राहिली

आत-बाशी गावात असानालीविषयी वाईट बोलणारं कुणी सापडलं नसतं, आणि फार चांगलं बोलणारंही नाही. कारण तो बोलण्यापुरता कुणाच्या वाट्याला कधी आलाच नाही. मेंढरं, गवत, नमाज आणि चहा. विचारलं तर उत्तर, नाही विचारलं तर तेही नाही.

तरणेपणी मात्र तो उलाक खेळायचा. घोडा भरधाव सुटलेला, जमिनीवर मुंडकं उडवलेलं बकरं पडलेलं, आणि हा एका रिकिबीवर लोंबकळत ते भिजल्या गोधडीसारखं वर ओढून मांडीखाली दाबायचा. त्या खेळात उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. लग्न होऊन आली तेव्हा बुरमाकानला वाटलं, नवरा चहाची वाटी धरताना बोटं ऐटीत बाहेर ठेवतो. बिचारीने पुष्कळ दिवस मनातल्या मनात त्याला गर्विष्ठ ठरवलं होतं. ती बोटं मिटतच नाहीत, हे कळल्यावर तिला फार लाज वाटली.

दोन मुली लग्न होऊन दूर गेल्या. शेवटचा अझीरेत. घरच्या रिवाजाप्रमाणे धाकटा मुलगा आईबापांजवळच राहायचा, तसा तो राहिलाही; पण आठवड्यातून दोनदा नारीनला जाऊन मेलिस नावाच्या उस्तादाच्या तालमीत जाळीच्या पिंजऱ्यातली कुस्ती-बुक्केबाजी शिकू लागला. हौशी पोरांच्या लढती. मिळाला तर बिल्ला, नाही तर सुजलेला कान.

असानालीला ते मुळीच पटलं नाही.

"कुस्ती खेळ, नाही कोण म्हणतो?" तो म्हणाला. "पण माणसाच्या तोंडावर मारायचं नाही. तोंड अल्लाने घडवलंय. पैगंबरांनी मना केलंय."

"अताके, समोरचा माझ्या तोंडावर मारतो त्याचं काय?"

"त्याचा बाप त्याला सांगेल. तुझा बाप तुला सांगतोय."

बुरमाकान मध्ये पडली नाही. हदीस तिलाही ठाऊक होती, आणि पोराचा हट्टही. दोन्हीकडून तिचंच काळीज दळलं जात होतं.

शरद ऋतूत अझीरेत एक लढत हरला. मारामुळे नाही, समोरच्याने कंबरेला मिठी घालून त्याला जाळीवर चिकटवला आणि तसाच धरून ठेवला. याचे पाय संपले, श्वास संपला. मेलिस म्हणाला, "तुझं तंत्र चांगलं आहे रे, पण उचलायची ताकद नाही. हिवाळाभर वजन उचल. थोडं, जड, आणि मध्ये भरपूर विसावा." हिवाळ्यात नारीनचा रस्ता आज खुला तर उद्या बंद. मग अझीरेतने गोठ्यामागच्या पडवीत आपली तालीम मांडली. ट्रकचं जुनं टायर, तुळईवरून सोडलेला दोर, आणि एक मोठं पोतं, नदीची ओली वाळू भरलेलं.

असानाली रोज तिथून जायचा, मान वळवायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र थांबला. पोरगा पाठीची कमान करून पोतं हातांनी ओढत होता.

"काय, गाभण गाय उठवतोस?"

"ताकद कमवतोय."

"कंबर मोडून घेतोयस. हो बाजूला."

कोट काढून त्याने पोत्याला छाती लावली, बुड खाली घेतलं, एक श्वास आत कोंडला आणि पोतं मांडीवर आणून खांद्यावर टाकलं. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस तो. खाली ठेवल्यावर बराच वेळ खोकत राहिला. "बकरं बोटांनी उचलत नाहीत," तो म्हणाला. "बोटं नुसती धरतात. उचलतं ते बुड. पोत्यापासून लांब उभा राहिलास तर पोतं दुप्पट जड होतं. जवळ जा. बायकोजवळ जातात तसं."

"मला बायको नाही, अताके."

"म्हणूनच येत नाही तुला."

अझीरेत इतका हसला की बुरमाकान पीठ भरल्या हातांनी बाहेर आली. महिन्यांनंतर त्या घरात कुणी हसलं होतं. पण असानालीने कोट घातला आणि पोराकडे न बघता सांगितलं, "चुकीचं काम माझ्याने बघवत नाही म्हणून शिकवतो. ताकद माझ्याकडून घे. दुवा मागू नकोस. ज्या कामाला मी हात पसरून दुवा देईन ते काम हे नव्हे."

आमच्याकडे घरातलं वडीलधारं माणूस तळहात उघडून दुवा देतं, सगळे आमीन म्हणतात, तोंडावरून हात फिरवतात, आणि मगच माणूस उंबरा ओलांडतो. लष्करात जाणारा असो की परीक्षेला जाणारा. त्याविना गेलेल्या माणसाकडे शेजारी जरा वेगळ्या नजरेने बघतात. अझीरेत दोन वेळा तसाच गेला होता. एकदा हरला, एकदा जिंकला. जिंकलेला बिल्लाही त्याने आईला ट्रंकेत तळाशी ठेवायला दिला.

हिवाळाभर बापलेकाची तालीम चालली. पोतं उचलून पडवीच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं, मिठी न सोडता. दोराला हातांनी चढायचं. टायर उलटवायचं. असानालीला एकच गोष्ट शेवटपर्यंत कळली नाही, ती म्हणजे विसावा.

"तीनदा उचललंस आणि बसलास? हे काय काम झालं?"

"उस्ताद म्हणतात बसायचं. दमून उचललं तर नुसता दम वाढतो. ताकद वाढायला ताजं अंग लागतं."

"मग तुझा उस्ताद गवत कापायला नको यायला. संध्याकाळपर्यंत तीन पेंढ्या."

पण ऐकायचा. इतकं ऐकायचा, की वसंतातल्या लढतीआधी मेलिसने फोनवर 'आता शेवटचा आठवडा जड काही नाही' असं सांगितल्यावर हाच त्या पोत्यावर जाऊन बसला. "शिवशील तर बघ," म्हणाला. आणि तिथेच बसून तसबीहचे मणी ओढू लागला. बुरमाकानने चहा तिथे नेऊन दिला. तिने हळूच विचारलं, "ऐका, अझीरेतचे अताके, एवढं करताय तर दुवाही देऊन टाका ना."

त्याने वाटीत फुंकर घातली. "म्हातारे, दुवा काही पोतं नाही. एकदा हात वर केले की रिकामे खाली आणता येत नाहीत." थोड्या वेळाने म्हणाला, "तो म्हणाला मला परवा. या खेपेला तोंडावर मारणार नाही म्हणाला. नुसतं धरीन, उचलीन, पाडीन." आणि मग जणू स्वतःशीच, "बघू."

त्या 'बघू'वर बुरमाकानने त्या दिवशी नमाजाच्या दोन रकात जास्तीच्या पढल्या.

शुक्रवारी संध्याकाळी निघायचं होतं. बिश्केकला लढत दुसऱ्या दिवशी, घरी परत रविवारी. तिने मुद्दाम लवकर जेवणाचं दस्तरखान पसरलं. कणकेचे बोरसोक तळले, मटणाचा रस्सा केला. लढतीच्या वजनगटाबाहेर जाऊ नये म्हणून अझीरेत नुसत्या चहावर बसला होता आणि वासाने त्याचा जीव वरखाली होत होता. असानाली आपल्या जागी, दारासमोरच्या मानाच्या बाजूला. तो फार सावकाश जेवत होता. बुरमाकानला कळलं की तो मनाशी काहीतरी गोळा करतोय.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. कुबात ड्रायव्हरची गाडी, चार माणसं भरलेली, आणि कुबातला दम कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

"आलो, आलो," अझीरेत म्हणाला आणि उठला.

दस्तरखानावरून आमीन व्हायच्या आधी उठू नये, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. पण पोराने गेले काही महिने तेही टाळायला शिकून घेतलं होतं. ती दुवा आपल्यासाठी नसते, मग बसून कशाला ऐकायची. असं काहीतरी त्याने मनाशी धरलं असावं. "येतो, अताके. येतो, अपा." पाठ फिरवून तो दाराजवळ वाकून बूट घालू लागला.

आणि बुरमाकानने पाहिलं, नवऱ्याने दोन्ही तळहात वर उघडले होते. वाकडी बोटं तशीच वाकडी. ओठ उघडले होते, पहिला शब्द जिभेवर होता. त्याची नजर पोराच्या पाठीवर होती.

भोंगा पुन्हा वाजला. दार उघडलं, थंडी आत आली, दार लागलं.

तिने हाक मारायला हवी होती. पण दुवेला हात उघडले की बोलू नये, ही सवय हाडात मुरलेली. ती नुसती बघत राहिली. असानालीने हात तोंडावरून फिरवले नाहीत. ते सावकाश गुडघ्यांवर उतरवले, जणू त्यांत काही भरलेलं होतं आणि ते सांडायला नको होतं.

"रविवारी येईल ना?" तो म्हणाला. "तेव्हा. चहा दे."

शनिवारी सकाळी पोत्याची शिवण उसवली होती म्हणून तो सुई-दोरा घेऊन पडवीत उन्हाला बसला. बुरमाकान दूध तापवून बाहेर आली तेव्हा तो भिंतीला टेकलेला होता, मांडीवर पोत्याचं तोंड, टोपी पुढे आलेली. तिला वाटलं डुलकी लागली. टोपी सारखी करायला हात लावला आणि तिथेच खाली बसली.

दुपारी अझीरेतकडून घरी फोन वाजत राहिला. शेवटी चुलत्याने उचलला. पोरगा ओरडून सांगत होता, "जिंकलो. अताकेंना सांगा, तोंडाला हात लावला नाही. धरला आणि उचलला." चुलता म्हणाला, "शाबास. असं कर, तू लगेच निघ. तुझ्या अताकेंना जरा बरं नाही." मरणाची बातमी आमच्याकडे सरळ तोंडावर फेकत नाहीत, माणसाला वाटेनेच हळूहळू कळू देतात. पण अझीरेतला वाटेत कळलं नाही. त्याने वाटेत थांबून संत्री घेतली. फाटकाशी आला तेव्हा अंगणात नमद्याचा तंबू उभा होता, घरातलं माणूस गेल्यावर उभारतात तो. पिशवी त्याच्या हातात तशीच राहिली.

मातीला सगळा मुलूख लोटला. बुरमाकान काळे कपडे घालून तंबूत भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर दाराशी घरातले पुरुष काठीवर वाकून उभे राहायचे, आणि नवी मंडळी आली की मोठ्याने बापाच्या नावाने टाहो फोडायचे. सगळे फोडत होते. अझीरेतच्या तोंडून आवाज निघत नव्हता. लोक ते बघत होते.

धाकटी जाऊ कालीपा रश्शाचं पातेलं ढवळता ढवळता बुरमाकानजवळ सरकली. "जाऊबाई, पोरगा विचारणार. गेल्या दोन रात्री माझ्या नवऱ्याला विचारतोय, अताके शेवटी काही बोलले का म्हणून. सांगून टाका, दुवा दिली. तुमच्या पदरचं काय जातंय?"

"दिली नाही."

"हात तर उघडले होते म्हणता."

"उघडले होते. दिली नाही."

"मग नुसतं उघडले म्हणून सांगा, आणि तो आधीच उठला ते गाळा."

"कालीपा, तो तेवढा खुळा आहे का? हात उघडलेले बापाने, आणि मला दिसले नाहीत कसे, हे तो विचारणार नाही? दुवा अल्लाच्या नावाने देतात. त्याच्या नावावर मी खोटं कसं घालू?"

"मग बोलूच नका. राग धरून गेला असं वाटू दे. रागवलेल्या बापावर पोरं रागवून तरी जगतात."

कालीपाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बुरमाकान दुपारच्या नमाजाला घरात गेली, आणि सजद्याला वाकली ती उठेना. बोलावं तर पोराला जन्माचा सल, न बोलावं तर बापावर जन्माचा आळ. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. तेवढ्या एका विचाराने तिने डोकं वर केलं.

अझीरेत चहाला घरात आला. आल्या मंडळींचे घोडे बांधून आला होता, हाताला लगामाचा वास. तो तिच्यासमोर बसला आणि वाटीकडे बघत म्हणाला, "अपा, शेवटपर्यंत रागावलेलेच होते ना?"

"नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"त्यांनी तुझ्यासाठी हात उघडले होते."

त्याने मान वर केली. "कधी?"

बुरमाकानने डोक्याच्या रुमालाचं टोक घट्ट धरलं. "शुक्रवारी. दस्तरखानावर."

पुढे काही सांगावं लागलं नाही. त्याने दाराकडे पाहिलं, जिथे तो बूट घालायला वाकला होता, मग बापाच्या रिकाम्या जागेकडे. तिने त्याचा हात धरला तेव्हा तो हात तिला फार जड लागला.

"काय म्हणणार होते?"

"मला माहीत नाही, बाळा. अल्लाला माहीत."

बाहेर कोचकोरकडची मंडळी आल्याचा गलबला झाला, आणि चुलत्याने त्याला नावाने हाक मारली. अझीरेत उठला. उठायच्या आधी त्याने दस्तरखानाकडे पाहून थोडी वाट पाहिली, पण हात उघडायला तिथे अताके नव्हते. तो बाहेर गेला.

बुरमाकान पुन्हा तंबूत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेरून काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मग त्याचा टाहो, इतका मोठा की तंबूतल्या बायका क्षणभर आपलं रडणं विसरल्या. "अताके, अताकेऽऽ," तो म्हणत होता. पुढे काहीच नाही, तेवढंच, पुन्हा पुन्हा.