जवळजवळचे ठिपके

देवश्री पुण्याहून बंगळुरात आली त्याला बरीच वर्षं झाली होती. इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती नकाशे करायची, पण ते गावांचे नसत. कोण कोणतं काम करतो, कुणाला काय येतं, ही माहिती संगणकाला द्यायची. मग प्रत्येक माणसाचा एक ठिपका. सारखं काम करणारे जवळ, वेगळं करणारे लांब. ते जास्तीत जास्त जमेपर्यंत अल्गोरिदम ठिपके हलवत राही. शेवटी पुंजक्यांना देशांसारखे रंग द्यायचे.

कुणाला मदत कुठून मिळेल ते कळावं, म्हणून कंपनीने अख्ख्या ऑफिसचा असा नकाशा करून घेतला. पुढे कपातीची वेळ आली आणि संचालक यशोवर्धन यांनी तोच पडद्यावर लावला.

"हे दोन ठिपके जवळजवळ एकावर एक आहेत. एकाच कामाला दोन माणसं कशाला?"

एक ठिपका देवश्रीचा होता, दुसरा शेजारच्या टेबलावरच्या वादिराजचा.

"सर, शेकडो गोष्टी कागदाच्या दोन दिशांत दाबून बसवल्यात. काही ठिपके जवळ दिसतात, कारण त्यांना दुसरीकडे जागाच मिळाली नाही," देवश्री म्हणाली.

"एवढं तांत्रिक नको," ते म्हणाले.

वादिराजची नोकरी गेली.

रविवारी ती त्याच्या जयनगरच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, श्यामलाने, कॉफी आणून ठेवली.

"नकाशा मीच केला होता," देवश्री म्हणाली.

"स्वल्प थांब गं." वादिराजने कप तिच्याकडे सरकवला. त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं मराठी असंच कानडीत मिसळलेलं. "माहिती मीच भरली होती ना? मला काय काय येतं ते लिहायचा कंटाळा आला. तुझंच बघून उतरवलं."

तिला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

सोमवारी तिने हे यशोवर्धनना सांगितलं. ते म्हणाले, निर्णय झालाय. ती वाद घालत बसली नाही. तिने नकाशा पुन्हा केला आणि ज्या ठिपक्यांच्या जागेवर विश्वास ठेवता येत नाही ते सगळे फिके केले. अर्ध्याहून जास्त नकाशा पुसट झाला.

"हे कुणाला दाखवण्यासारखं नाही," यशोवर्धन म्हणाले.

"नाहीच," ती म्हणाली.

त्याच नकाशावरून व्हायची होती ती कपातीची दुसरी फेरी लांबली. कारण कुणी सांगितलं नाही. वादिराजला मात्र परत बोलावलं नाही; त्याला शहराबाहेर आनेकलच्या एका कारखान्यात काम मिळालं. जायला दोन बस बदलाव्या लागत.

त्याचं काम देवश्रीच्या गळ्यात पडलं. जुन्या ग्राहकांच्या यंत्रणा तो एकटा सांभाळत असे. पहिल्याच आठवड्यात एक बंद पडली, आणि तिला त्यातलं काहीही कळेना. तिने फोन लावला.

"बसमध्ये आहे," तो म्हणाला. "सरी, बरं, सांगतो. पडद्यावर काय दिसतंय, ते वाच."

ती डोळे चोळत वाचू लागली.