थुंकलेले दोन घोट

अहेरीला मी जंगल खात्यात कारकून होतो, ऐंशीच्या दशकात. साहेबांची बदली झाली आणि सामान बांधताना त्यांनी अर्ध्या उरलेल्या दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. अमेरिकेतली, मक्यापासून केलेली दारू. बर्बन म्हणतात तिला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. "यातली चांगली कोणती ते कळवा," असं ते हसत म्हणाले, आणि मी ते उगाच मनावर घेतलं.

घरी दोन्ही चाखून पाहिल्या. मला दोन्ही सारख्याच जळजळीत लागल्या. खरी जीभ माझ्या दादाची. आम्ही एकाच घरात राहायचो. मोहाच्या दारूचा एक घोट घेऊन तो सांगायचा, फुलं खडकावर वाळवली की सारवलेल्या अंगणात, मडक्यात गाळली की टिनाच्या डब्यात. त्या जिभेनंच त्याचं वाटोळं केलं होतं. पण गेली दोन वर्षं त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. पंचशील आमच्या घरी रोजच म्हटलं जाई. त्यानं मात्र बुद्धविहारात, सगळ्यांदेखत, पाचवं शील, मद्य न पिण्याचं, एकट्यानं पुन्हा मोठ्यानं म्हटलं होतं. वहिनी तेव्हा पदरात तोंड घालून रडली होती.

बाजाराच्या दिवशी दुपारी ती पिशव्या घेऊन निघाली. "भाऊजी, यायले एकटं सोडू नका," एवढंच म्हणाली.

ती दिसेनाशी झाली आणि मी बाटल्या काढल्या.

"हे काय बे?" दादा म्हणाला.

"चांगली कोणती, तेवढं सांग. चाख अन् थुंक. थुंकलं म्हणजे पिणं थोडीच होते?"

"वकील झाला का तू? तुह्या वहिनीनं पाह्यलं तर दोघाईले भाकर भेटणार नाई."

तरी त्यानं कप घेतला. पहिला घोट तोंडात फिरवला, अंगणात थुंकला. "हिच्यात जळक्या लाकडाचा वास हाय. अन् मागून गूळ." चूळ भरली. दुसऱ्या बाटलीतला घोट घेतला, तोही थुंकला. "ही नरम हाय. पण..." कप खाली ठेवला.

तिथं सगळं संपलं असतं. मीच म्हणालो, "थुंकून का चव कळते, दादा? गिळल्याबिगर खरं सांगताच येत नाई."

त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कप भरला आणि गिळला. डोळे मिटून म्हणाला, "हीच चांगली." मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. माझा जुना, हसरा दादा परत आला असं वाटलं.

वहिनी येईस्तोवर दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि मी त्या मागच्या झुडपात फेकल्या होत्या. तिला दारातच वास आला.

"माहा डोळा लागला होता, वहिनी," मी म्हणालो. "तो कुठी जाऊन आला, मले मालूम नाई."

दादा तिथंच बसला होता. त्यानं मला खोटं पाडलं नाही.

पुढे तो मोहाच्या दारूकडे वळला आणि तिसऱ्या वर्षी गेला. वहिनी साऱ्या नात्यात सांगत राहिली, सोताहून दारूकडे गेले, मले फसवलं. दादाच्या फोटोला ती हार घालायची, पण त्यासमोर कधी बसली नाही. मी ते पाहत आलो, इतकी वर्षं.

मागच्या महिन्यात तिला सांगितलं, बाटल्या मीच काढल्या होत्या, चाख अन् थुंक म्हणालो होतो. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"थुंकले होते का पहिल्यांदा?"

"हो. दोन्ही वेळा."

"मंग गिळली काऊन?"

इथंही मला खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"मी म्हटलं म्हणून."

तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली, फोटोची काच पदरानं पुसली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. माझ्याकडे पाठ करून.

"जाताना दार लोटून घ्या, भाऊजी," म्हणाली.